चुकीच्या शिक्षेविरुद्ध अपील लढणाऱ्याच्या मागे गावाने कसं उभं राहायचं

सत्र न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा सुनावली की माणसाला तिथूनच तुरुंगात नेतात. घरचे सुन्न, वाडी संतापलेली, मुंबईहून चाकरमान्यांचे फोनवर फोन. मोर्चा काढू, आमदाराला भेटू, पेपरात बातमी देऊ अशी बोलणी आठवडाभर चालतात आणि अपिलाच्या मुदतीतले पहिले दिवस असेच जातात. अपिलात न्यायाधीशांसमोर गाव नसतं, कागद असतात. गावाची माया त्या माणसाच्या दोन ठिकाणी उपयोगी पडते: एक, फाइलीत योग्य कागद योग्य वेळी आणण्यासाठी, दोन, तो आत असेपर्यंत त्याचं घर सावरून धरण्यासाठी. कोकणातल्या गावांसाठी लिहिलेला हा लेख या दोन्ही कामांबद्दल आहे.

पहिले काही दिवस

शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३६३) तसं सांगतं. पण नुसता निकाल पुरत नाही. त्याच आठवड्यात जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून सगळ्या साक्षीदारांच्या साक्षी, उलटतपास, पंचनामे, वैद्यकीय आणि रासायनिक विश्लेषणाचे अहवाल, आरोपीचा न्यायालयातला जबाब आणि रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद) यांच्या प्रमाणित प्रती मागवा. प्रत्येक कागदाचा निशाणी क्रमांक (न्यायालयाने त्यावर टाकलेला नंबर) अर्जात लिहा. 'सर्व कागदपत्रे' एवढंच लिहिलेला अर्ज बहुधा त्रुटी काढून परत येतो.

मुदत अशी: सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील ६० दिवसांत, दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत, फाशीच्या शिक्षेत ३० दिवसांत. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात. म्हणून अर्जाची पावती जपा, आणि अर्जाची व प्रत तयार झाल्याची तारीख प्रतीवर आहे ना ते खिडकीवरच पाहून घ्या. मुदत टळलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. तुरुंगातल्या माणसाबाबत न्यायालयं सहसा समजून घेतात, पण उशीर का झाला हे तारखांसकट सांगावं लागतं.

चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले आणि वकील ठरत नाही असं दिसलं, तर थांबू नका. कलम ४२४ (जुनं ३८३) खाली कैदी तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो. मुदत सांभाळायला ते पुरेसं आहे. मात्र पुढे जो वकील येईल त्याला हे पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे एकाच निकालावरची दोन अपिलं वेगवेगळ्या वाटांनी चालणार नाहीत.

कुठे जायचं, कोणाकडे जायचं

१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचं काम मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. रायगडचं काम मुंबईतच चालतं. जुनं अपील आता कुठे आहे याचा अंदाज बांधत बसू नका. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. हा क्रमांक निदान तिघांच्या फोनमध्ये हवा.

मोफत वकिलाबद्दल गावात मोठा गैरसमज आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार तुरुंगात असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याचं उत्पन्न किती हे पाहिलं जात नाही. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा थेट तुरुंगातून करता येतो, आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. मोफत मिळालेला वकील कच्चा असतो असं धरून चालू नका. त्याच्याकडे कामं पुष्कळ असतात, एवढं खरं. त्याच्या हातात तुम्ही नीट लावलेली फाइल दिलीत तर फरक पडतो.

खासगी वकील करणार असाल तर तीन गोष्टी विचारा: फौजदारी अपिलं चालवली आहेत का, प्रत्यक्ष युक्तिवाद कोण करणार, आणि फी कोणत्या टप्प्याला किती. प्रत्येक रकमेची पावती घ्या. 'वरपर्यंत ओळख आहे, काम होऊन जाईल' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. अशा माणसाने गावाने जमवलेले पैसे बुडवले तर पुढे खऱ्या वकिलाला द्यायला काही उरत नाही. आधीच्या वकिलाकडून नाहरकत आणि त्याच्याकडची सगळी फाइल घ्यायला विसरू नका.

पाच-सहा माणसं बस

पन्नास जणांची समिती नको. वकिलाशी बोलणारा एकच माणूस असावा, कागद सांभाळणारा एक, हिशोब ठेवणारा एक, तुरुंगाच्या भेटी आणि पैसे पाहणारा एक, घरचं पाहणारी एखादी जाणती बाई, आणि कोल्हापुरात किंवा मुंबईत राहणारा, तारखेला न्यायालयात जाऊ शकणारा एक. मुंबई मंडळाची (मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संस्थेची) खरी गरज या शेवटच्या माणसासाठी असते.

निर्णय मात्र शिक्षा झालेल्या माणसाचा. वकीलपत्रावर त्याची सही तुरुंगात, अधिकाऱ्यांच्या साक्षांकनासह घ्यावी लागते. गावाने परस्पर अर्ज केले, वेगळे वकील उभे केले, तर त्याच्याच प्रकरणात विसंगत म्हणणी दाखल होतात आणि सरकारी वकील त्याचा फायदा घेतो.

आणखी एक अवघड काम सुरुवातीलाच करा. पुढे राहणाऱ्या सगळ्यांनी निकाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. त्यात त्या माणसाविरुद्ध काय सिद्ध धरलं आहे हे ठाऊक नसताना 'तो निर्दोष आहे' असं गावभर सांगत सुटू नका. वाचल्यावर ज्याला मागे व्हायचं असेल त्याला मोकळेपणी मागे होऊ द्या.

कागद वाचायचे कसे

फाइल वकील वाचणारच, पण गावातल्या माणसाला जे दिसतं ते वकिलाला दिसत नाही. कुठला पऱ्या (ओढा) कुठे आहे, पायवाट पावसात बंद असते की नाही, कोणाचं घर कोणाच्या घरावरून दिसतं, हे तुम्हालाच माहीत.

मोठ्या वहीत चार रकाने पाडा: साक्षीदाराचा क्रमांक आणि नाव, पोलिसांपुढच्या जबाबात काय म्हटलं, न्यायालयात काय म्हटलं, उलटतपासात काय कबूल केलं. पोलिसांच्या जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट न्यायालयात आली असेल तर लाल पेनाने खूण करा. पण इथे एक मेख आहे. तो फरक साक्षीदाराला दाखवून, मग तपासी अंमलदाराला विचारून सिद्ध केलेला असावा लागतो. पहिल्या वकिलाने अंमलदाराला ते विचारलंच नसेल तर अपिलात त्या फरकाचं वजन फार कमी होतं. म्हणून अंमलदाराचा उलटतपास सगळ्यात बारकाईने वाचा.

मग मुद्देमालाची साखळी लावा. कपडा किंवा हत्यार कधी जप्त झालं, सील कोणाचं होतं, पोलीस ठाण्यात किती दिवस पडून होतं, प्रयोगशाळेत कोणी नेलं, तिथे सील शाबूत होतं का, हे तारखांसह एका पानावर लिहा. मधल्या दिवसांचा हिशोब कोणाच्याच साक्षीत नसेल तर तो वकिलाच्या कामाचा मुद्दा आहे. पंच एकच माणूस अनेक प्रकरणांत आहे का, ओळख परेड अटकेनंतर किती दिवसांनी झाली, आणि त्याआधी फोटो वर्तमानपत्रात आला होता का, हेही पाहा. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसेल आणि सगळा भार परिस्थितीजन्य पुराव्यावर असेल, तर शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालातल्या पाच कसोट्या वकिलाकडून समजून घ्या. साखळीची प्रत्येक कडी सिद्ध हवी आणि ती आरोपी सोडून दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवणारी नसावी, हा त्यांचा गाभा.

एक कागद काय करू शकतो हे अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात दिसलं. २००३ च्या गुन्ह्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठेवली होती. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. घटना पाहिलेल्या साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या नोंदीचा तपास पुढे नेलाच नव्हता. सोळा वर्षं गेली, पण नोंद कागदावर होती म्हणून ती वापरता आली.

नवा पुरावा

अपील न्यायालय कलम ४३२ (जुनं ३९१) खाली जादा पुरावा घेऊ शकतं, पण खटल्यात तो का आणला नाही हे पटवून द्यावं लागतं. आणि मिळणारा पुरावा दर महिन्याला कमी होत जातो. मोबाइल कंपन्यांना कॉलचे तपशील दोन वर्षं ठेवावे लागतात, त्यापुढचा भरवसा नाही. सीसीटीव्हीचं चित्रण त्याहून कितीतरी आधी पुसलं जातं. म्हणून जे मिळू शकतं ते आज मागा, वापरायचं की नाही ते वकील ठरवील.

किनाऱ्यावरच्या गावात कामाच्या नोंदी पुष्कळ असतात. माणूस त्या रात्री समुद्रावर होता म्हणत असेल तर बोट सुटल्या-आल्याची बंदरावरची नोंद, मच्छीमार सोसायटीचं डिझेलचं रजिस्टर, लिलावाची पट्टी शोधा. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात कोणा साक्षीदाराने 'तो बोटीवरून उतरताना पाहिला' म्हटलं असेल तर वहीत खूण करून ठेवा. आंब्याच्या हंगामात पेट्या भरल्याची कलमवाल्याची वही, रोजगार हमीचं हजेरीपत्रक, एसटी आगाराची नोंद, आरोग्य केंद्राचं केसपेपर रजिस्टर यांचाही असाच उपयोग होतो.

चांदण्याचा मुद्दा बारकाईने पाहा. 'रात्री दहाला चांदण्यात तोंड स्पष्ट दिसलं' अशी साक्ष असेल तर पंचांग उघडा. वद्य द्वादशी असेल तर चंद्र पहाटे उगवतो, दहाला काळोखच असतो. खाडी पायी ओलांडली म्हणत असेल तर त्या वेळी भरती होती की ओहोटी, उधाण (मोठी भरती) होतं की भांग (लहान भरती), हे काढा. भरती-ओहोटीचे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो. विजेच्या दिव्यात पाहिलं म्हणत असेल तर त्या फीडरचा पुरवठा तेव्हा चालू होता का, हे महावितरणला माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागतात आणि न आल्यास पहिलं अपील करायचं.

घटनेच्या वेळी वय अठराच्या आत असल्याची शंका असली तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा तातडीने काढा. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या गुन्ह्यात फाशी झालेल्या एका कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून सोडलं, तेव्हा तो २८ वर्षं तुरुंगात होता.

साक्षीदाराच्या दारात मात्र जाऊ नका. 'खरं काय ते सांग रे' असं चार जणांनी जाऊन म्हटलं तरी तो धमकीचा गुन्हा ठरू शकतो, आणि तुमच्या माणसाचा जामीन त्यातच अडकतो. साक्षीदार आपणहून काही सांगायला आला तर त्याला वकिलाकडे पाठवा. गावातच स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेण्याचा मोह टाळा. लैंगिक गुन्ह्यात पीडितेचं नाव, गाव, नातं, फोटो यांपैकी काहीही फ्लेक्सवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तिकडेही एक घर दुःखात आहे. पुष्कळदा ते आपल्याच गावातलं असतं.

कागदांच्या मूळ प्रती कोणालाही देऊ नका, वकिलालाही झेरॉक्सच द्या आणि मूळ प्रत मागितली तर पोच घ्या. दोन संच दोन वेगळ्या गावांत ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये घरंच्या घरं पाण्याखाली गेली, त्यात कागद कुठले वाचणार? आपल्याकडच्या पावसाळी ओलीत तर कपाटातल्या कागदांनाही बुरशी येते. सगळं स्कॅन करा आणि संच झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा.

शिक्षेला स्थगिती आणि जामीनदार

अपील दाखल झालं की कलम ४३० (जुनं ३८९) खाली शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि माणूस खटल्यात जामिनावर असेल तर शिक्षा देणारं न्यायालयच अपिलापुरता जामीन देतं. लांब शिक्षेत उच्च न्यायालयात जावं लागतं. शिक्षेला स्थगिती म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती नव्हे. सरकारी नोकरी असेल तर दुसऱ्या गोष्टीसाठी वेगळी मागणी लागते, ती वकिलाला आधी सांगा.

कोकणात खरी अडचण जामिनाचा हुकूम झाल्यावर सुरू होते. जामीनदार म्हणून सातबारा घेऊन जावं तर त्यावर आजोबांच्या भावांपासून वीस-पंचवीस नावं. वाटप झालेलं नाही, काही जण मुंबईत, काही हयात नाहीत आणि वारसनोंद राहिलेली. अशा सामाईक उताऱ्यावर एकट्याच्या हिश्श्याचा ऐपतीचा दाखला मिळता मिळत नाही, आणि हुकूम हातात असून माणूस आत राहतो. म्हणून अर्ज दाखल होतानाच जामीनदार शोधून ठेवा. एकट्याच्या नावावरचा सातबारा, किंवा पगारपत्रक व ओळखपत्र असलेला कायम नोकरदार, किंवा बँकेची मुदत ठेव असलेला माणूस. दोघं लागणार असतील तर तिघं तयार ठेवा, कारण आयत्या वेळी एकाच्या घरचे अडतातच. ताजा उतारा, आधार, फोटो, घरपट्टीची पावती आणि ऐपतीचा दाखला एका पाकिटात ठेवा. तहसील कार्यालयात दाखल्याला दिवस लागतात. तोपर्यंत काही आठवड्यांसाठी रोख रकमेवर सोडण्याची विनंती त्याच हुकुमात करून घ्यायला वकिलाला सांगा. आणि जामीनदाराला त्याची जबाबदारी नीट समजावा: माणूस तारखेला आला नाही तर पैसे त्याला भरावे लागतील.

तुरुंग

लांब शिक्षेचा कैदी जिल्ह्याच्या तुरुंगात फार दिवस राहत नाही. कोल्हापूरला कळंबा, पुण्याला येरवडा अशा मध्यवर्ती कारागृहांत हलवतात. भेटीची नोंद ई-मुलाखत या तुरुंगभेटीच्या ऑनलाइन सोयीवर आधी करा, सगळ्यांची ओळखपत्रं सोबत ठेवा, आणि पावसाळ्यात आंबा, करूळ, गगनबावड्याकडचा घाट चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारा. दरड पडून भेट हुकली तर आतल्या माणसाला कारण कळत नाही, तो नुसता वाट पाहतो. भेटीच्या पाळ्या लावा, म्हणजे घरच्यांवर सगळा भार येणार नाही आणि सहा महिने कोणी गेलंच नाही असंही होणार नाही.

पत्रं तुरुंगात वाचली जातात. प्रकरणातले तपशील पत्रात किंवा फोनवर नकोत, त्यासाठी वकिलाची भेट आहे. पत्रात घरचं लिहा: मुलाचे गुण, शाकारणी झाली का, गणपतीला कोण कोण आलं होतं. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांच्या अर्जांत गावातून पोलीस चौकशी होते. तिथे शेजाऱ्यांनी 'आमची हरकत नाही' हे स्पष्ट, लेखी सांगणं फार उपयोगाचं असतं.

घर

कमावता माणूस आत गेला की पहिल्या वर्षात कर्जाचे हप्ते थकतात, मुलीची शाळा सुटते, म्हातारी औषध बंद करते. कोणी एकाने महिन्याच्या महिन्याला रेशन, शाळेची फी, औषधं, वीजबिल, सोसायटीचा हप्ता यांची यादी घेऊन बसावं. भात लावणीला आणि कापणीला चार जोड्या हात लागतात, ते वाडीने द्यावेत.

आणि त्या घराला वाळीत टाकू देऊ नका. पाणी बंद, दुकान बंद, पालखी दारात नाही, लग्नाला बोलावणं नाही, असं गावकीने ठरवलं तर तो महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिमग्याला पालखी त्या घरी जाईल एवढं मानकऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. तक्रारीची वेळ येऊ नये हेच बरं.

पैशांसाठी दोघांच्या सहीचं वेगळं बँक खाते, प्रत्येक वर्गणीची पावती, आणि दर तीन महिन्यांनी हिशोब वाडीत वाचून दाखवणं. नातेवाईक आणि ओळखीच्यांपलीकडे जाहीर वर्गणी मागायची असेल तर आधी धर्मादाय कार्यालयात विचारा. गणेश मंडळं सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-क खाली वर्गणीची जी परवानगी घेतात, तीच चौकशी इथे करायची. घरखर्चाचे आणि वकिलाचे पैसे एकात मिसळू नका.

लांबणाऱ्या वर्षांत

उच्च न्यायालयात अपील उभं राहायला वर्षं जातात. मराठी साक्षींची इंग्रजी भाषांतरं आणि पेपरबुक (अपिलासाठी बांधलेला सगळ्या कागदांचा संच) तयार होणं यात पुष्कळ वेळ जातो. खासगी पेपरबुक दाखल करायची परवानगी वकिलाने मागितली तर हा वेळ वाचू शकतो. पेपरबुकाच्या टंकलेखनाचा आणि भाषांतराचा खर्च हा गावाच्या पैशाचा सर्वात चांगला उपयोग. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सीएनआर तपासा आणि वकिलाला एकच फोन करा. अपील प्रलंबित असताना कैदी वारला तर अपील आपोआप संपतं, पण आई-वडील, पती-पत्नी, मुलं, भावंडं यांपैकी कोणीही ३० दिवसांत परवानगीचा अर्ज केला आणि न्यायालयाने ती दिली तर ते पुढे चालू राहतं. नाव धुऊन काढायचं असेल तर ही मुदत घरच्यांना माहीत हवी.

सुटका झाली तरी काही कामं राहतात. सरकार सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं म्हणून न्यायालय सहा महिन्यांचा मुचलका घेतं, त्यासाठी पुन्हा जामीनदार लागू शकतो. निकालाच्या चार-पाच प्रमाणित प्रती काढा: नोकरी, पासपोर्ट आणि पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याला प्रत्येक ठिकाणी एक लागते. जप्त केलेला मुद्देमाल परत मागण्याचा अर्ज खटला चालला त्या न्यायालयात करा. भरपाईसाठी आपल्याकडे वेगळा कायदा अजून नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात तो करावा असं सुचवलं आहे. तोपर्यंत उच्च न्यायालयात रिट अर्ज हा मुख्य मार्ग आहे, आणि त्याला तुरुंगातल्या एकूण कालावधीचा अधीक्षकांचा दाखला, बुडालेल्या उत्पन्नाचे कागद आणि तपासात कोणी काय दडवलं हे दाखवणारी निकालातली पानं जोडावी लागतात. दाखल्याचा अर्ज सुटकेच्या आठवड्यातच टाका.